लढाईतल्या जखमेची नोंद उशिरा मागताय? अर्ज नेमका कुठं अडकतो ते आधी बघा

मी पलटणीत क्लार्क होतो, रिटायर होऊन गावी आलो, आता बेळगाव-खानापूर-निपाणी भागातले माजी सैनिक अर्ज लिहून घ्यायला येतात. पैसे घेत नाही, चहा घेतो. जखमेचं प्रकरण घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी शर्ट वर करतो नाहीतर पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळतो आणि म्हणतो, "बघा की साहेब, छर्रा अजून आत हाय, आणखी कसला पुरावा पायजे?" मी म्हणतो, काका, छर्रा आहे हे मला दिसतंय, पण तो कुठल्या तारखेला, कुठल्या ऑपरेशनमध्ये, कुणाच्या गोळ्यानं आत गेला हे त्याच्यावर लिहिलेलं नाही, आणि ऑफिसला तेवढंच पाहिजे असतंय.

म्हणून हा लेख. क्रम मोडू नका, बहुतेक चुका क्रम मोडल्यामुळंच होतात.

१. आधी ठरवा, मागायचं नेमकं काय

इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्ही एकाच अर्जात कोंबतात.

पहिली म्हणजे नोंद. तुम्ही 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतले जखमी, होता हे तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पार्ट टू ऑर्डरनं (जवानाच्या सेवेतल्या घटना नोंदवणाऱ्या लेखी आदेशानं) चढलेलं असणं. आजारपण, साधा अपघात हे 'फिजिकल कॅज्युअल्टी'त जातं. कुठली घटना कशात मोडते ते २००३ च्या आर्मी ऑर्डर १ मध्ये दिलंय.

दुसरी म्हणजे पराक्रम पदक, ज्याला आपण सगळे वूंड मेडल म्हणतो, पांढरी फीत आणि मधे लाल पट्टा. याची अट कडक आहे: शत्रूच्या थेट कारवाईत झालेली जखम. मग ते युद्ध असो नाहीतर अतिरेक्यांविरुद्धचं ऑपरेशन. उंचावरच्या पोस्टवर बर्फानं बोटं गेली किंवा पेट्रोलिंगला जाताना घसरून पाय मोडला, तर बॅटल कॅज्युअल्टीचा दावा घटना बघून होऊ शकतो, पण या पदकाचा होत नाही. हे ऐकून लोक माझ्यावर चिडतात, पण नियम मी केलेला नाही.

तिसरी म्हणजे वॉर इंजुरी पेन्शन. पदक मिळालं म्हणून पेन्शन वाढत नाही, हे दोन वेळा वाचा. पेन्शनसाठी मेडिकल बोर्डानं अपंगत्वाची टक्केवारी दिलेली लागते, आणि जखम संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रातल्या 'ई' कॅटेगरीत बसावी लागते. युद्ध, सीमेवरची चकमक, शत्रूनं पेरलेला माइन हे त्यात येतं.

क्रम असा: आधी नोंद, मग पदक, मग पेन्शन. नोंद आधीच असेल तर पुढचं काम निम्मं झालं. नोंद नसताना थेट पदक मागितलं तर उत्तर एका ओळीत येतं, 'रेकॉर्डमध्ये आढळत नाही', आणि तेच उत्तर पुढं प्रत्येक ठिकाणी तुमच्यासमोर ठेवतात.

२. आपलं रेकॉर्ड ऑफिस कुठलं ते बघा

हसू येईल, पण सगळ्यात जास्त टपाल इथंच वाया जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावात कॅम्पला आहे म्हणून सगळा जिल्हा तिथंच अर्ज टाकतो. आमचे मामा तोफखान्यात होते. मी तेव्हा नवीन होतो, शहाणपणा करून त्यांचा पहिला अर्ज बेळगावलाच टाकला, का तर जवळ आहे, जाऊन विचारता येतंय. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिकला. चार महिने गेले, चूक शंभर टक्के माझी.

बॉम्बे सॅपर्स पुण्याजवळ खडकीला, महार रेजिमेंट सागरला, पॅरा आणि मद्रास सॅपर्स बंगळूरला, सिग्नल्स जबलपूरला, ईएमई (यंत्र-वाहन दुरुस्तीची कोअर) सिकंदराबादला, गार्ड्स कामठीला. तुम्ही ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून डिस्चार्ज झालात तिचं रेकॉर्ड धरायचं, जखम झाली तेव्हा कुठं अटॅच होता त्याचं नव्हे. मराठ्याचा जवान २७ आरआर (राष्ट्रीय रायफल्स) किंवा ४१ आरआरमध्ये असताना जखमी झाला असेल तर कॅज्युअल्टीचा कागद आरआर युनिटनं केलेला असतो, पण तुमची फाईल मूळ रेकॉर्डमध्येच असते. अर्जात दोन्ही लिहा, कारण कागद हरवतो तो बहुतेक या दोघांच्या मधेच.

तपासा: आर्मी नंबर, हुद्दा, नाव डिस्चार्ज बुकात आहे अगदी तसंच लिहिलंय का? आपल्याकडं याची मोठी भानगड आहे. भरतीच्या वेळी इंग्रजीत एक स्पेलिंग, आधार कन्नडवरून इंग्रजीत आलेलं म्हणून दुसरं, शाळेचा दाखला मराठीत म्हणून तिसरं. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आणि निपाणीवाल्यांच्या जुन्या कागदावर तालुका चिकोडी असतो. पत्त्याच्या फरकाला घाबरायचं कारण नाही, अर्जात एक ओळ टाका की जुना आणि नवा पत्ता एकाच गावाचा आहे. नावात फरक असेल तर मात्र आधी 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट करून घ्या, नंतर करू म्हणू नका.

३. घरातली ट्रंक उघडा

ऑफिसला पत्र लिहायच्या आधी घरात शोधा. मी लोकांना सांगतो, सून-नातवंडांना सोबत बसवा आणि प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढत चला. काय काय शोधायचं:

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि नंतर निघालेले सगळे करिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचे पीपीओ. हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, सिक लीव्हचं सर्टिफिकेट. रिलीज मेडिकल बोर्डाची कॉपी, म्हणजे एएफएमएसएफ-१६, आणि कॅटेगरी खाली आली असेल तर एएफएमएसएफ-१५. इंजुरी रिपोर्ट झाला असेल तर आयएएफवाय-२००६. लढाईतल्या जखमेला तो असेलच असं नाही, म्हणून नसला तरी घाबरू नका.

आणि जे कुणी शोधत नाही ते: घरी आलेली तार आणि पत्रं. 'तुमचा मुलगा जखमी, हॉस्पिटलात दाखल' अशी तार आलेली असते, आई-आज्जीनं ती देव्हाऱ्यामागं नाहीतर लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेली असते. हॉस्पिटलातून लिहिलेलं आंतरदेशीय पत्र, त्यावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओचा (फौजी टपाल कार्यालयाचा) शिक्का आणि तारीख, हा त्याच काळातला कागद आहे, आजच्या दहा अ‍ॅफिडेव्हिटपेक्षा त्याला वजन जास्त. पत्र मराठीत असेल तर इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा.

सावधान: जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, शिक्का पुसट झाला असेल तर पेनानं गिरवू नका. एका काकांनी चांगल्या मनानं तारीख गिरवली आणि अस्सल कागदावर संशय ओढवून घेतला.

४. तारीख पक्की करा

जुना फौजी तारीख सांगत नाही, सांगतो "गावच्या लक्ष्मी यात्रेनंतर आठ दिवसांनी" नाहीतर "दिवाळीच्या पाडव्याला सकाळी". ते खोटं नसतंय, पण अर्जात तसं चालत नाही. त्या वर्षाचं जुनं कालनिर्णय किंवा पंचांग मिळवून तारीख काढा, मग कागदाशी ताडून बघा.

एक बारीक गोष्ट. जखम झाल्याची तारीख आणि हॉस्पिटलात भरती झाल्याची तारीख बऱ्याचदा वेगळी असते. पोस्टवरून खाली रेजिमेंटल एड पोस्ट, तिथून एडीएस (पुढचं ड्रेसिंग स्टेशन), मग फील्ड हॉस्पिटल, मग लेहचं १५३ जनरल हॉस्पिटल किंवा श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, तिथून उधमपूर नाहीतर पुण्याचं कमांड हॉस्पिटल, अशी साखळी असते आणि प्रत्येक ठिकाणी दाखल-खारिजची नोंद वेगळी होते. दोन-तीन दिवसांचा फरक दिसला की लोक घाबरून एक तारीख बदलतात. बदलू नका, दोन्ही लिहा आणि मधे कुठं होता ते एका ओळीत सांगा. साखळी जितकी स्पष्ट, तितकं शोधणाऱ्या क्लार्कचं काम सोपं.

५. शरीरावरचा पुरावा

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन एक्स-रे काढा. डॉक्टरला 'लढाईतली जखम' असं लिहून द्या म्हणून गळ घालू नका, तो तिथं नव्हता, तसं लिहिलं तरी ऑफिस मानत नाही. त्यानं दिसतं तेवढंच लिहावं: जखमेचा व्रण कुठं, किती सेंटिमीटर, आत धातूचा तुकडा आहे का, कुठल्या हाडाजवळ, हालचाल किती कमी झाली. डिस्चार्ज स्लिपवरची जागा आणि ही जागा जुळली की झालं. उजवा-डावा नीट बघा, स्लिपवर डावी मांडी आणि अर्जात उजवी असा घोळ मी स्वतः पाहिलाय.

सावधान: अंगात छर्रा असेल आणि कुणी एमआरआय सांगितला तर मशीनजवळ जायच्या आधी डॉक्टरला आणि टेक्निशियनला सांगा. चुंबकामुळं तुकडा हलू शकतो, तापू शकतो. हे अर्जासाठी नव्हे, जिवासाठी.

६. आरटीआयनं (माहिती अधिकारानं) आपलेच कागद मागवा

आता रेकॉर्डमध्ये काय आहे ते बघायचं. अर्ज करण्याआधी. कारण तिकडं काय लिहिलंय हे माहीत नसताना केलेला दावा म्हणजे अंधारात फायर.

केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर इंडियन आर्मी निवडा, फी १० रुपये. टपालानं करायचं असेल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर 'अकाउंट्स ऑफिसर'च्या नावानं. आर्मी केंद्राची, त्यामुळं कर्नाटकातल्या ऑफिसांचा १५० शब्दांचा नियम इथं लागत नाही, ५०० शब्दांपर्यंत चालतं.

भाषेचं बघा. कायद्यानं अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, आणि बेळगावात राजभाषा कन्नड. म्हणजे मराठी अर्ज परत आला तर भांडायला जागा नाही. सरळ हिंदीत लिहा, पलटणीत हिंदीतच बोलत होता की. सीमाप्रश्न इथं आणू नका, तो सुटेपर्यंत थांबायचं ठरवलं तर नातवंडं पेन्शनीत जातील.

काय मागायचं: शीट रोलची (सेवेच्या नोंदपत्रकाची) प्रत, अमुक महिन्यातल्या कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर, त्या वेळचा कॅज्युअल्टी सिग्नल किंवा रिपोर्ट, सगळे मेडिकल बोर्ड, हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या नोंदी. 'मला पदक का दिलं नाही' असं विचारू नका. आरटीआयमध्ये कागद मिळतो, कारण काढून देत नाहीत.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला केंद्राकडं फी नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

'कागद नष्ट केले' असं उत्तर आलं तर? पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, त्यामुळं ते खोटं असेलच असं नाही. पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नोंदीचं मूळ रजिस्टर, कायमचा ठेवतात, त्याचा उतारा मागा. आणि नष्ट केल्याचं उत्तर जपून ठेवा, कागद नाही ही तुमची चूक नाही हे पुढं त्यानंच दाखवता येतं.

७. साक्षीदार

कागद अपुरा असेल तर सोबतचे जवान शोधा, सेक्शनमधले, ज्यानं उचलून खाली आणलं तो, नर्सिंग असिस्टंट, कंपनी कमांडर. दोन चांगले साक्षीदार पुरे. प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅफिडेव्हिट, त्यात त्याचा आर्मी नंबर, तेव्हा कुठल्या कंपनीत होता, डिस्चार्ज बुकाची कॉपी, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच.

चूक जी सगळे करतात: एकच मजकूर टाईप करून तिघांच्या सह्या. स्वल्पविरामासकट सारखं असलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. एकानं स्फोट पाहिला, दुसऱ्यानं फक्त स्ट्रेचर पाहिलं, असं असेल तर तसंच लिहा, खरं माणसागणिक वेगळंच दिसतं. आणि तेव्हा रजेवर होता त्याला साक्षीदार करू नका, त्याची रजा पण पार्ट टू ऑर्डरमध्ये चढलेली असते.

८. अर्ज, एकच पान

मी मामांसाठी लिहिलेला पहिला अर्ज चार पानी होता, त्यात थंडी, उपवास, शिवाजी महाराज, सगळं होतं, तारीख तिसऱ्या पानावर. आता असा लिहितो:

'प्रति, ऑफिसर इन्चार्ज, रेकॉर्ड्स. विषय: बॅटल कॅज्युअल्टीची नोंद करणे व पराक्रम पदकासाठी विचार करणे. मी, नंबर, हुद्दा, नाव, युनिट अमुक, दिनांक अमुक रोजी, अमुक ऑपरेशनमध्ये, अमुक ठिकाणी शत्रूच्या मॉर्टरच्या तुकड्यानं डाव्या मांडीला जखमी झालो. अमुक तारखेला अमुक हॉस्पिटलात दाखल, अमुक तारखेला डिस्चार्ज. याची पार्ट टू ऑर्डर माझ्या रेकॉर्डमध्ये दिसत नाही, आरटीआयचं उत्तर जोडलं आहे. विनंती: १. नोंद करावी. २. त्यानंतर पदकासाठी प्रकरण पुढं पाठवावं. ३. निर्णय कारणासह लेखी कळवावा. सोबत कागदांची यादी.'

हे हिंदीत किंवा इंग्रजीत करा. उशीर का झाला त्यावर दोनच ओळी, खऱ्या. 'तेव्हा ठाऊक नव्हतं, ड्यूटीवर परत गेलो, रिटायर झाल्यावर कळलं' हे पुरेसं आहे. तिसरी विनंती काढू नका, कारणासह लेखी नकार हातात असला तरच पुढं जाता येतं.

पेन्शनचा विषय इथं घालू नका.

ओरिजिनल एकही पाठवू नका, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स, प्रत्येक पानावर नंबर. स्पीड पोस्ट, पावती फाईलला लावा. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसला देऊन पोच घ्या. तुमचं रजिस्ट्रेशन पलीकडं कोल्हापूरला असेल, चंदगड-गडहिंग्लजवाल्यांचं असतंच, तर तिथं द्या. दोन्हीकडं देऊ नका, दोन ठिकाणाहून दोन पत्रं गेली की फाईली पण दोन होतात.

माणूस हयात नसेल तर पत्नी किंवा वारस हाच अर्ज करू शकतात, मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ जोडून. वहिनी-काकूंना सांगतो, एजंटला सही केलेला कोरा कागद देऊ नका. थकबाकीत टक्का मागणारे फिरताहेत, स्पर्श या पेन्शन पोर्टलचा ओटीपी मागणारे पण. ओटीपी कुणालाच नाही, माझ्यासारख्यालाही नाही.

९. नंतर काय

दोन महिन्यांनी स्मरणपत्र, जुन्या पत्राचा नंबर-तारीख घालून. नवीन अर्ज नाही, स्मरणपत्र. नवा अर्ज टाकला की घड्याळ परत शून्यावर.

नकार आला किंवा सहा महिने काहीच आलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजींच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण), आपल्याला कोची बेंच. शेवटचा निर्णय आल्यापासून सहा महिन्यांची मुदत, आणि उत्तरच नसेल तर वाट बघायचे सहा महिने संपल्यावर पुढचे सहा. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज सोबत लागतो.

पेन्शनचं प्रकरण नोंद झाल्यावर स्वतंत्र करा. टक्केवारी कधी ठरलीच नसेल तर मेडिकल बोर्डाची मागणी त्यातच करा. आणि हिशोब आधीच डोक्यात ठेवा: पेन्शन दर महिन्याची असल्यामुळं उशीर बऱ्याचदा आड येत नाही, पण तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सुप्रीम कोर्टानं घालून दिलंय तसं मागची थकबाकी साधारणपणे केस दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे १९७१ पासूनचे लाखो रुपये मिळवून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय.

एक कडू गोष्ट पण सांगतो. जखम लहान होती, एड पोस्टवरच पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर परत, हॉस्पिटल नाही, तार नाही, साक्षीदार वारलेले. अशा प्रकरणात युनिटच्या वॉर डायरीत नाव सापडलं तरच आशा. युनिटला एक पत्र लिहून विचारा, तिथं नसेल तर मी केस घालायला सांगत नाही. वकिलाची फी आणि कोर्टाच्या फेऱ्या, वयाच्या पंचाहत्तरीत.

नोंद झाल्याचं पत्र आलं तर लगेच वाचा: तारीख, ऑपरेशनचं नाव, जखमेची बाजू, नावाचं स्पेलिंग. पदक दिल्लीहून यायला वेळ लागतो, पण पार्ट टू ऑर्डरमध्ये चूक राहिली असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मामांच्या ऑर्डरमध्ये डावाचा उजवा झाला होता, ते म्हणाले राहू दे, मेडल आल्याशी मतलब. मी ऐकलं नाही, त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि सहीसाठी त्यांना पेन दिलं.